दोघांच्या नावावर घर: दस्तावेज, लोन आणि पासबुक एकच गोष्ट सांगतायत का?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुम्हालाही कळेल. साखरपुडा झालाय, लग्न दोन महिन्यांवर आहे. बडोद्यात वासणा-भायलीकडे तीन बेडरूमचा रीसेल फ्लॅट पसंत पडलाय, किंमत ६२ लाख. तुमचे वडील निवृत्त झालेत, पीएफमधले १४ लाख ते तुम्हाला देतायत. तुमच्या स्वतःच्या एफडीचे ४ लाख आणि होणाऱ्या नवऱ्याचे ६ लाख. उरलेल्या ३८ लाखांचं लोन दोघांच्या नावावर. पगार तुमचा ४२ हजार, त्याचा ६५ हजार. हप्ता तो भरेल आणि घर तुम्ही चालवाल, असं ठरलंय. दस्तावेजात, म्हणजे खरेदीखतात, पहिलं नाव मुलाचं असावं असं सासरचं म्हणणं आहे, आणि हिस्सा किती ते लिहायची गोष्ट काढली तर "आत्तापासून वाटण्या कसल्या करता?" असं ऐकावं लागलं. बानाखत, म्हणजे खरेदीआधीचा साठेकरार, पुढच्या आठवड्यात आहे. तुमचा प्रश्न एवढाच, की पहिलं नाव त्याचं ठेवलं तर माझं नुकसान आहे का?

त्याचं उत्तर सोपं आहे. नुकसान नाही. कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरून मालकी कमी-जास्त होत नाही. बँकेची पत्रं, कॉर्पोरेशनच्या वेऱ्याचं (घरपट्टीचं) बिल, सोसायटीचा पत्रव्यवहार पहिल्या नावानं येतो, साधारण इतकाच फरक. त्यावरून घरात वाद घालू नका. तुमची खरी अडचण तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीत आहे: हप्ता तो भरेल आणि घर मी चालवेन.

मी बडोद्यात गेली चोवीस वर्षं मिळकतीचंच काम करते. टायटल (मालकीचे आधीचे कागद) बघणं, बानाखत, दस्तावेज, हक्क कमी करण्याचे लेख (हक्कसोडपत्रं), आणि संसार मोडल्यावर घरासाठी होणारे दावे. ऑफिस दांडिया बाजारात, त्यामुळे येणारे बरेचसे आपलेच मराठी लोक. जोडीनं घेतलेल्या घराचं भांडण लबाडीतून सुरू झालेलं मी फार कमी पाहिलंय. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, पण त्यांचे तीन कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. मालक कोण ते दस्तावेज सांगतो. देणं कोणाचं ते लोनचे कागद सांगतात. आणि पैसे कोणी दिले ते पासबुक सांगतं. या तिघांचा मेळ असेल तर माझ्यासारख्या वकिलाला पुढे फारसं काम उरत नाही. मेळ नसेल तर वर्षानुवर्षं दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

हिस्सा लिहिला नाही तर कायदा काय धरतो, ते आधी बघू. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधलं कलम ४५ नेमकं यासाठीच आहे. दोघांनी मिळून मिळकत घेतली, पैसे आपापल्या वेगळ्या खात्यांतून दिले आणि हिस्सा कुठेच लिहिला नाही, तर ज्यानं जितके पैसे दिले त्या प्रमाणात त्याचा हक्क. कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल तर समान हक्क धरला जातो. म्हणजे "दोघांचं आहे ना, मग अर्धं-अर्धंच असणार" ही समजूत अर्धवट आहे. अर्धं-अर्धं तेव्हा, जेव्हा तसं लिहिलंय किंवा कोणाकडेच पुरावा नाही. आजकाल एकेक हप्त्याची नोंद स्टेटमेंटमध्ये असते, पुरावा नाही असं होतच नाही.

आता हे तुमच्या आकड्यांना लावून बघा. ३८ लाखांचा पूर्ण हप्ता त्याच्या खात्यातून गेला, तर कागदावर ६२ पैकी तुमचे १८ लाख आणि त्याचे ४४. टक्क्यांत तुमचे २९, त्याचे ७१. किराणा, दूध, कामवाली, लाइटबिल, मूल झाल्यावर त्याची फी, हे सगळं तुमच्या पगारातून गेलेलं असेल, आणि ते नसतं गेलं तर त्याला हप्ता भरता आला नसता हेही खरं असेल. पण किराण्याच्या बिलावर घराचा नंबर नसतो. माझ्यासमोर बसून "मी पण इतकी वर्षं कमावलं हो, ते गेलं कुठे?" असं विचारणाऱ्या बायका मी मोजायचं सोडून दिलंय. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या नावावरची मिळकत आपोआप निम्मी बायकोची होते, असं आपल्या कायद्यात नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळालेल्या वस्तूंपुरतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. राहण्याचा हक्क मोठा आहे, अडचणीच्या वेळी तोच आधार असतो, पण ती मालकी नव्हे.

मग हिस्सा किती लिहावा? तुमचे आकडे वाचताना मी कागद घेऊन गणित केलं, आणि ते छान जमतंय. निम्मं-निम्मं धरलं तर प्रत्येकाचे ३१ लाख व्हायला हवेत. तुम्ही १८ देताय, म्हणजे लोनमधले १३ तुमच्या वाट्याचे. तो ६ देतोय, त्याच्या वाट्याला २५. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर ३८ लाखांचा हप्ता साधारण ३३ हजार येतो. त्यातले ११,३०० तुमचे आणि २१,७०० त्याचे. तुमच्या पगारांचं प्रमाण पाहिलं तर हे कोणालाच जड नाही. माझं स्पष्ट मत असं, की दस्तावेजात समान हिस्सा लिहा आणि हप्ता या प्रमाणात भरा. त्यासाठी एक जॉइंट खातं उघडा, पगाराच्या दिवशी दोघांच्या खात्यांतून तितकी रक्कम आपोआप तिथे वळती होईल असं बँकेला सांगून ठेवा, आणि हप्ता त्या खात्यातून कापला जाऊ दे. घरखर्चही तसाच, दोघांनी मिळून. "हे तू, ते मी" अशी खर्चाची विभागणी सोयीची वाटते, पण त्यात ज्याच्या वाट्याला घर येतं त्याची मिळकत होते आणि ज्याच्या वाट्याला भाजी येते त्याचं काहीच उरत नाही.

याला आयकराचीही बाजू आहे. पहिल्या वर्षी या लोनवर व्याजच सुमारे ३ लाख २० हजार होतं. स्वतः राहत्या घराच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत एका माणसाला जास्तीत जास्त २ लाखांची वजावट मिळते. दोघं मालक, दोघं कर्जदार आणि दोघंही खरोखर भरणारे असतील तर दोघांना आपापली वेगळी मिळते. एकट्यानं भरलं तर वरचे १ लाख २० हजार वाया जातात. नव्या करपद्धतीत राहत्या घराला ही वजावटच नाही, त्यामुळे तुम्ही दोघं कोणत्या पद्धतीत आहात यावर हा मुद्दा अवलंबून आहे. तुमच्या पगारांवर कदाचित नवीच पद्धत बरी पडेल, ते सीएला विचारा. करासाठी म्हणून हिस्सा ठरवू नका, एवढंच माझं सांगणं.

वाटणीचा प्रश्न पाच वर्षांनी आला तर काय होतं, तेही एकदा आकड्यांत बघा. माझ्याकडे येणाऱ्यांना सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. पाच वर्षांत हप्त्यांपोटी जवळजवळ १९ लाख ८० हजार भरून होतात, पण मुद्दल कमी होतं फक्त साडेचार लाखांनी. साडेतेहेतीस लाख अजून शिल्लक. समजा तेव्हा फ्लॅट ७५ लाखांना विकला. लोन फेडून हातात साडेएकेचाळीस लाख. भांडवली नफ्यावरचा कर सध्या बाजूला ठेवू. आता वाटणी कशी? समान म्हटलं तर प्रत्येकी पावणेएकवीस. "सुरुवातीला घातलेले ज्याचे त्याला परत, उरलेले निम्मे" म्हटलं तर तुम्हाला पावणेसत्तावीस आणि त्याला पावणेपंधरा. "ज्यानं जितकं भरलं त्या प्रमाणात" म्हटलं आणि हप्ते सगळे त्यानं भरलेले असले, तर तुम्हाला सतरा आणि त्याला साडेचोवीस. एकच घर, तेच दोघं, आणि तुमच्या हातात येणारी रक्कम सतरापासून पावणेसत्तावीसपर्यंत कुठेही. तिन्ही हिशेब ऐकायला न्याय्यच वाटतात, आणि प्रत्येकाला आपल्या फायद्याचा हिशेब मनापासून पटतो. म्हणून कोणता हिशेब लावायचा ते आज ठरवायचं, जेव्हा दोघांनाही दुसऱ्याचं बरं व्हावं असं वाटतंय.

आता लोन. दस्तावेजात हिस्सा निम्मा असला तरी लोनमध्ये तुम्ही निम्म्याच्या नाही, पूर्ण ३८ लाखांच्या देणेकरी आहात. तोही पूर्ण ३८ लाखांचा. बँक कोणा एकाकडून सगळं वसूल करू शकते, दुसऱ्याला आधी विचारा असं तुम्ही बँकेला सांगू शकत नाही. त्याची नोकरी गेली, तो परगावी गेला, तुमचं पटेनासं झालं, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, दोघांचा उतरतो. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बुडीत धरलेलं) होतं आणि मग बँकेला कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. घटस्फोटाच्या समजुतीत "लोन नवरा फेडेल" असं लिहून घेतलेले कागद घेऊन लोक येतात. तो करार त्या दोघांमधला. बँकेनं त्यावर सही केलेली नसते. नाव काढायचं तर बँकेनं दुसऱ्याचा एकट्याचा पगार बघून लोन नव्यानं मंजूर करायला हवं, आणि ६५ हजारांच्या एकट्या पगारावर तेवढं लोन बसेलच असं धरू नका.

यातली सर्वांत वाईट स्थिती म्हणजे लोनमध्ये नाव आहे आणि दस्तावेजात नाही. बँका सहसा असा आग्रह धरतात की जितके मालक आहेत ते सगळे कर्जदार व्हावेत, पण कर्जदार हा मालक असलाच पाहिजे असं नसतं. म्हणून पगार जोडायला बायकोला को-ॲप्लिकंट करतात आणि दस्तावेज मुलाच्या किंवा सासऱ्यांच्या नावानं होतो. अशा दोन बायकांचं काम सध्या माझ्याकडे चालू आहे. घरात जागा नाही आणि हप्त्याचे मेसेज मोबाइलवर येतायत. तुमचं नाव दोन्हीकडे आहे हे चांगलं आहे. बानाखताच्या मसुद्यातही ते आहे ना, ते स्वतः वाचून घ्या. उलटही होतं बरं का. आपल्याकडे गुजरातमध्ये सगळे खरेदीदार बायका असतील तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे, म्हणून तुमच्या व्यवहारात ६२ हजार वाचवायला "फक्त मुलीच्या नावावर करा" असं सुचवणारा दलाल भेटेल. ते मुलाच्या बाजूनं तितकंच चूक आहे. ३८ लाखांचं देणं डोक्यावर आणि मालकी शून्य. शिवाय आपल्या पैशानं बायकोच्या नावावर घेतलेल्या मिळकतीला बेनामी कायद्यात (दुसऱ्याच्या नावावर मिळकत घेण्याविरुद्धच्या कायद्यात) सवलत आहे, वाग्दत्त वधूला नाही.

मृत्यूबद्दल लिहायला मला जड जातं, पण हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. काही वर्षांपूर्वी अशीच एक जोडी होती, साखरपुडा झालेली. वाघोडिया रोडला फ्लॅट, दोघांच्या नावावर, हिस्सा लिहिलेला नाही. लग्नाला दोन महिने असताना मुलगा हायवेवरच्या अपघातात गेला. मुलगी माझ्याकडे आली ती त्याच्या आईला घेऊनच. आईंच्या मांडीवर कापडी पिशवी, त्यात मुलाचं पासबुक, आणि मुलीनं हप्त्यांच्या नोंदींखाली पेन्सिलनं रेघा मारलेल्या. मुलानं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. लग्न झालेलं नसल्यानं हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याचा हिस्सा आईकडे गेला, मुलीला त्यातलं काही नाही. नॉमिनी म्हणून तिचं नाव होतं, पण नॉमिनी हा सांभाळणारा असतो, वारस नव्हे. लोनबरोबर काढलेला विमा फक्त मुलीच्या आयुष्यावर होता, कारण पगार तिचा जास्त म्हणून पहिली अर्जदार तीच, त्यामुळे विम्याचा काहीच उपयोग झाला नाही. हप्ता चालूच, आणि तो आता तिचा एकटीचा.

त्याहून अवघड गोष्ट पासबुकात निघाली. सुरुवातीचे अकरा लाख तिचे होते. पण विकणाऱ्याला एकच चेक द्यायचा म्हणून तिनं ते त्याच्या खात्यात टाकले आणि त्याच्या खात्यातून चेक गेला. म्हणजे विकणाऱ्याच्या पावतीवर आणि दस्तावेजात पैसे दिले मुलानं. तिचे अकरा लाख हे त्याला उसने होते, भेट होती की घरासाठी होते, हे सांगणारा एकही कागद नाही. मुलाची आई फार सरळ बाई. त्या म्हणाल्या, "मला घर नको गं बाई, पण मी सही कशावर करतेय ते कोणीतरी समजावून सांगा." त्या फुकट हक्क सोडायला तयार होत्या, तरी तसं करणं परवडेना. त्या दोघी कायद्याच्या नजरेत एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या, आणि नातेवाईक नसलेल्याकडून ५० हजारांपेक्षा जास्त किमतीची मिळकत फुकट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. शेवटी रीतसर विक्रीचा दस्त करावा लागला, पुन्हा स्टँप ड्युटी भरावी लागली. हे सगळं निस्तरायला दोन वर्षं गेली, आणि तीही समोरची बाई इतकी भली होती म्हणून दोनच.

या एका कामातून मी चार गोष्टी शिकले, त्या तुम्हाला जशाच्या तशा लागू आहेत. विकणाऱ्याला प्रत्येकानं आपल्या खात्यातून थेट पैसे द्यायचे, चेक दोन झाले तरी चालतील, आणि दोन्हींचे नंबर दस्तावेजात यायला हवेत. वडिलांचे १४ लाख आधी तुमच्या खात्यात, एका साध्या भेटपत्रासह, आणि मग तिथून विकणाऱ्याकडे. वडिलांनी मुलीला दिलेल्या रकमेवर तुम्हाला कर नाही. तेच पैसे लग्नाआधी मुलाच्या खात्यात गेले तर तो अजून त्यांचा जावई नाही, त्यामुळे कराचा प्रश्न उभा राहतो आणि हुंड्याचाही. म्हणून होणाऱ्या सासऱ्यांनी कितीही प्रेमानं "सगळे आमच्या खात्यात टाका, आम्ही बघतो" म्हटलं तरी ते नको. तिसरं, विमा दोघांच्या आयुष्यावर, आपापल्या लोनच्या वाट्याइतका तरी, म्हणजे तुमचा १३ लाखांचा आणि त्याचा २५ लाखांचा. साधा टर्म विमा स्वतंत्र काढला तर लोन दुसऱ्या बँकेत नेलं तरी तो चालू राहतो. आणि चौथं, दस्तावेज झाला की त्याच आठवड्यात दोघांनी मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदार, नोंदणी सक्तीची नाही. दोन नावं असली की एकाच्या पश्चात दुसऱ्याचं आपोआप होतं, असं आपल्याकडे नसतं. लग्नानंतरही मृत्युपत्राशिवाय त्याचा हिस्सा तुमच्यात, मुलांत आणि त्याच्या आईत वाटला जाईल. तुमच्या सासूबाईंना काही मिळू नये असं माझं म्हणणं नाही, मिळावंच. पण किती आणि कोणत्या रूपात ते तुम्ही दोघांनी ठरवलेलं बरं.

रोखीचं एक. रीसेलमध्ये विकणारा काही रक्कम वरची मागतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, हे एक. दुसरं तुमच्यापुरतं. वरची रक्कम बहुतेक वेळा मुलीच्या वडिलांच्या साठवणीतून जाते आणि चेकनं मुलाचं जातं. मग कागदावर वडिलांनी दिलेलं काहीच दिसत नाही. मी अशा व्यवहारांचा दस्त करत नाही, आणि तुम्हीही वडिलांना त्यात पडू देऊ नका.

खर्चाचाही हिशेब आधी करा. स्टँप ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का, ६२ लाखांवर मिळून ३ लाख ६६ हजारांच्या आसपास. जंत्रीची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत जास्त निघाली तर त्यावर. ही रक्कम कोण देणार ते तुमच्या हिशेबात कुठे दिसलं नाही. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्यानं विकणाऱ्याला देताना एक टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागेल, तो दोघांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे आपापल्या पॅनवर भरायचा. आपला हिस्सा ३१ लाख, म्हणजे ५० च्या खाली, असं कोणी सांगेल. ऐकू नका, पूर्ण किंमत बघतात.

आता तो करार, ज्याच्यामुळे "वाटण्या कसल्या" असं ऐकावं लागलं. हिस्सा दस्तावेजातच लिहायचा, वेगळ्या कागदावर नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क निर्माण करणारा किंवा संपवणारा कागद नोंदवावाच लागतो, त्यामुळे तीनशेच्या स्टँपवर घरी लिहून ठेवलेला हिस्सा कोर्टात टिकेल या भरवशावर राहता येत नाही. पण घर कसं चालवायचं आणि वेळ आली तर कसं सोडायचं, याचा सह-मालकी करार वेगळा करता येतो. त्यात मी मुख्यतः चार गोष्टी घालते. हप्ता कोणी किती भरायचा, आणि कोणाची नोकरी गेली किंवा बाळंतपणात पगार थांबला तर दुसऱ्यानं भरलेले हप्ते हिस्सा बदलतील की नाही. याचं उत्तर "बदलणार नाहीत" असंच लिहून घ्या, तुमच्यासाठी हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. मग, एकाला बाहेर पडायचं असेल तर दुसऱ्याला विकत घ्यायचा पहिला हक्क, आणि त्यासाठी मुदत, सहा महिने पुरतात. किंमत कशी ठरवायची: बँकेच्या पॅनेलवरच्या दोन व्हॅल्युअरची सरासरी, त्यातून शिल्लक लोन वजा. आणि दोघांनाही घेणं जमत नसेल तर बाजारात विकून, लोन फेडून, हिश्श्याप्रमाणे वाटप.

हे नसेल तर काय होतं? फ्लॅटच्या मधून भिंत घालता येत नाही. वाटपाच्या दाव्यात, १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणे, निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेला कोर्टाकडे विक्री मागू शकतो, आणि दुसऱ्याला तो हिस्सा ठरलेल्या किमतीला विकत घ्यायची संधी मिळते. म्हणजे कोर्टही शेवटी तिथेच येतं, जिथे करार तुम्हाला सहा महिन्यांत पोचवतो. दरम्यान हप्ते दोघांना भरावेच लागतात. बाहेर पडताना हक्क कमीचा लेख केला तर त्यावरही स्टँप ड्युटी आहे, वडिलोपार्जित मिळकतीतली सवलत विकत घेतलेल्या घराला धरून चालू नका. भाग अशांतधाऱ्यात, म्हणजे गुजरातच्या अशांत क्षेत्र कायद्यात, येत असेल तर प्रत्येक हस्तांतरणाला कलेक्टरची आगाऊ परवानगी हवी, ते टायटल बघतानाच विचारून घ्या.

मी वर सांगितलेल्या काही गोष्टी तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलतील. दोघांपैकी एकजण हिंदू वारसा कायद्याखाली येत नसेल तर वारसाचं सगळं वेगळं. लग्नानंतर दस्तावेज केलात तर भेटीवरच्या कराची आणि बेनामीची काळजी जाते, आणि खरं सांगायचं तर विकणारा दोन महिने थांबायला तयार असेल तर मी तेच सुचवेन. बानाखत आत्ता करा, दस्तावेज लग्नानंतर. तो थांबत नसेल तरी घाबरून फ्लॅट सोडायची गरज नाही.

राहिला सासरच्या बोलण्याचा प्रश्न. हे तुम्ही एकट्यानं सांगू नका, होणाऱ्या नवऱ्याला बरोबर घेऊन सांगा, आणि त्याला आधी पाच वर्षांनंतरचं ते गणित दाखवा. त्या हिशेबात तोही कुठेतरी हरतोय हे त्याला दिसेल. मोठ्यांना सांगताना अडचणीच्या गोष्टींपासून सुरुवात केली तर ते दुखावतात. आयकराला दोघांचा हिस्सा आकड्यात लागतो, एवढं सांगा. तेही खरंच आहे, करात वजावट मागताना हिस्सा निश्चित असावा लागतो. पहिलं नाव मुलाचं ठेवायला तुम्ही आनंदानं हो म्हणा.

आणि बानाखताच्या मसुद्यात, खरेदीदारांच्या नावांनंतर, हे वाक्य घालायला सांगा: "सदर मिळकतीत खरेदीदार क्र. १ व खरेदीदार क्र. २ यांचा प्रत्येकी अविभक्त ५० टक्के हिस्सा राहील, व मिळकतीवरील कर्जाचे हप्ते कोणत्याही खरेदीदाराच्या खात्यातून भरले गेले तरी त्यामुळे सदर हिश्श्यात फरक पडणार नाही." हेच वाक्य पुढे दस्तावेजात शब्दशः यायला हवं. टाइप करणारे जुना मसुदा उघडून नावं बदलतात आणि अशी ओळ हमखास गळते, म्हणून सब-रजिस्ट्रारकडे अंगठे आणि फोटो होण्याआधी शेवटचा प्रिंट स्वतः हातात घ्या आणि ती ओळ बोट ठेवून वाचा.